तपोवनातल्या झाडाला नोटीस, कायद्याला नाही

2025 च्या नोव्हेंबरमध्ये तपोवनातली झाडं नाशिकभर बोलण्याचा विषय झाली. सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी सुमारे 1,800 झाडांवर कुऱ्हाड येणार अशी नोटीस निघाली आणि एरवी सभा-मोर्चाच्या वाटेला न जाणारी माणसंही हरकतीचे अर्ज लिहायला बसली. तिघंचौघं माझ्याकडे कोर्टात आले. "वकीलसाहेब, जरा कायद्याच्या भाषेत लिहून द्या." मी म्हटलं, साध्या मराठीत लिहा, तेवढं पुरतं. शहरी भागातल्या झाडांसाठी राज्याचा 1975 चा कायदा आहे. झाड तोडण्याआधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, त्या झाडावर सहज दिसेल अशी नोटीस चिकटवावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. त्यासाठी झाडाचा मालक असायची गरज नाही. सकाळी तिथून चालत जाणारा माणूसही हरकत घेऊ शकतो.

त्याच सिंहस्थासाठी त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली होती. तिच्याबद्दल विचारायला माझ्याकडे एकही माणूस आला नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण आधी अध्यादेशाने जन्माला आलं आणि मग विधिमंडळाच्या पावसाळी अधिवेशनात विधेयक मंजूर होऊन त्याचा कायदा झाला. विभागीय आयुक्त त्याचे प्रमुख. 2015 चा कुंभ अशा कायद्याशिवाय पार पडला होता. आता शहराच्या रस्त्यांपासून घाटांपर्यंतचे निर्णय या नव्या व्यवस्थेच्या हाती गेले. हे घडलं तेव्हा नाशिक महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. मार्च 2022 मध्ये मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं प्रशासकाची होती. म्हणजे इथलं सभागृह रिकामं, आणि तिथल्या सभागृहात जे विधेयक आलं त्यावर हरकत नोंदवायची नाशिककराला सोय नाही. झाडाला होती, कायद्याला नव्हती.

प्राधिकरण नको असं माझं म्हणणं नाही. ऑगस्ट 2027 मध्ये लाखो माणसं रामकुंडावर उतरतील तेव्हा हुकूम एकाच टेबलावरून सुटायला हवेत, हे मलाही कळतं. पण 27 ऑगस्ट 2003 रोजी सरदार चौकाच्या परिसरात चेंगराचेंगरी होऊन 39 माणसं गेली, ती पाहिलेली माणसं अजून पंचवटीत राहतात. कोणत्या बोळात गर्दी अडते, कुठल्या उतारावर पाय घसरतो, कुठली गल्ली बंद केली की दुसरी तुंबते, हे त्यांना तोंडपाठ आहे. तपोवनातल्या ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी साधुग्रामासाठी दर बारा वर्षांनी मागितल्या जातात, त्यांच्याकडे सांगण्यासारखं आहे. त्र्यंबकचे पुरोहित, रामकुंडावरचे फुलवाले, पर्वणीनंतर पहाटे तीन वाजता घाट झाडणाऱ्या सफाई कामगार बायका. या लोकांना विधिमंडळाच्या एका समितीने दोन दिवस नाशकात बसून ऐकलं असतं, तर कायद्याचा मसुदा नक्कीच काही वेगळा झाला असता. निदान प्राधिकरणात स्थानिक माणसाला बोलायची जागा कोणती, हा प्रश्न तरी कुणीतरी विचारला असता.

विधेयक सभागृहात येतं कसं, ते आधी सांगतो. शाळेत नागरिकशास्त्रात पहिलं वाचन, दुसरं वाचन, तिसरं वाचन अशी पायऱ्यापायऱ्यांची आकृती असायची. मार्क मिळवायला ती पुरते. प्रत्यक्षात पहिलं वाचन म्हणजे पुरःस्थापना, आणि ती मिनिटाच्या आत उरकते. मंत्री उभे राहतात, विधेयक मांडायला अनुमती मागतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणायचं, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही', आणि विधेयकाला क्रमांकासह सभागृहात प्रवेश मिळतो. इथून पुढे नियमांनी चार वाटा ठेवल्या आहेत. विधेयक लगेच विचारात घ्या. किंवा त्याच सभागृहाच्या प्रवर समितीकडे, म्हणजे निवडक सदस्यांच्या समितीकडे द्या. किंवा दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवा. किंवा लोकमत अजमावण्यासाठी ते जाहीर फिरवा. चारही वाटा कायदेशीर, चारही खुल्या. पण ज्या वाटेने बैलगाडी रोज जाते तिथेच चाकोरी पडते, तसं आपल्याकडे पहिल्या वाटेचं झालं आहे. विधेयक सकाळी वाटलं जातं आणि काही वेळा त्याच अधिवेशनात, त्याच आठवड्यात, कधी दुसऱ्याच दिवशी "खंड 2 ते अमुक विधेयकाचा भाग झाले" हे ऐकू येतं. डिसेंबर 2024 चं नागपूरचं अधिवेशन सहा दिवसांचं होतं. सहा दिवसांत पुरवणी मागण्या, लक्षवेधी, शोकप्रस्ताव, सभात्याग हे सगळं धरून विधेयकाला किती मिनिटं उरतात याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

अध्यादेशाने तर समितीचा गळाच धरलेला असतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद 213 प्रमाणे अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत कायदा झाला नाही की अध्यादेश संपतो. म्हणजे सरकारने आधी अध्यादेश काढायचा आणि मग सभागृहाला सांगायचं, आता समितीला वेळ नाही, नाहीतर अध्यादेश पडेल. घाई ज्याने निर्माण केली तोच घाईची सबब सांगतो. कोर्टात एखाद्या पक्षकाराने असं केलं तर न्यायाधीश त्याला चांगलंच सुनावतात.

माझ्या चेंबरमध्ये महापालिका कायद्याची एक जुनी प्रत आहे. आता दुरुस्त्या फोनवर दिसतात, पण माझी सवय जुनी, राजपत्रातली दुरुस्ती छापून घ्यायची, पट्टी कापायची आणि डिंकाने मूळ कलमाच्या जागी चिकटवायची. प्रभागरचनेच्या कलमापाशी ते पान फुगून पुठ्ठ्यासारखं झालं आहे. डिसेंबर 2019 मध्ये एक प्रभाग, एक नगरसेवक असं ठरलं. 2021 मध्ये अध्यादेश आला, एका प्रभागात तीन. नाशिकच्या जागा 122 वरून 133 झाल्या. जून 2022 मध्ये सरकार बदललं आणि ऑगस्टमध्ये पुन्हा मागे, एका प्रभागात चार, जागा पुन्हा 122. एकावर एक तीन पट्ट्या. माझ्या ज्युनिअरने एकदा विचारलं, "सर, यातलं चालू कुठलं?" मी वरच्या पट्टीवर बोट ठेवलं आणि खालच्या दोन्ही नखाने खरवडून बघितल्या. निघाल्या नाहीत. पहिल्या दोन पट्ट्या एका सरकारच्या, तिसरी दुसऱ्याची, पण चाकोरी तीच. एक प्रभाग एक नगरसेवक चांगलं की चार माणसांचा पॅनेल चांगला, यावर सिडकोतल्या आणि सातपूरच्या मतदाराला दहा वर्षांचा अनुभव आहे. त्याला कुणी विचारलं नाही. नंतर निवडणूक रेंगाळायला आरक्षणाचा वाद आणि कोर्टकचेऱ्याही कारण झाल्या, ते मान्य. पण कायदाच दर दीड-दोन वर्षांनी कूस बदलत असेल तर कोर्टकचेऱ्या वाढणारच, आणि त्यावर माझ्यासारख्यांचं पोट चालतं हेही मोकळेपणाने सांगून टाकतो.

दिल्लीत चित्र एकेकाळी बरं होतं. 1993 मध्ये संसदेने खात्यांनुसार स्थायी समित्या सुरू केल्या, आज त्या 24 आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 सदस्य, आणि मंत्र्याला त्यात जागा नाही. पंधराव्या लोकसभेत 71 टक्के विधेयकं समित्यांकडे गेली. सोळाव्यात प्रमाण पाव भागापर्यंत घसरलं. सतराव्यात 16 टक्के. एवढ्या झपाट्याने तर गंगापूर धरणही उन्हाळ्यात आटत नाही.

त्या 84 टक्क्यांत तीन कृषी विधेयकं होती. त्यांची किंमत नाशिक जिल्ह्याइतकी क्वचितच कुणाला कळली असेल, म्हणून त्यांच्यापाशी थोडं थांबतो. जून 2020 मध्ये अध्यादेश, सप्टेंबरमध्ये विधेयकं. विरोधी सदस्य प्रवर समिती मागत होते. 20 सप्टेंबरला राज्यसभेत गोंधळात आवाजी मतदानाने त्यातली दोन मंजूर झाली, तिसरं दोन दिवसांनी. या तिघांतल्या व्यापाराच्या कायद्यात दोन कलमं अशी होती की निफाड किंवा पिंपळगावच्या कुठल्याही द्राक्ष बागायतदाराला चहा पिता पिता त्यातली मेख दिसली असती. एक, बाजार समितीच्या बाहेर माल खरेदी करायला पॅन कार्ड पुरेसं. दोन, पैशांचा वाद झाला तर तो प्रांताकडे न्यायचा, दिवाणी न्यायालयाचं दार बंद. आमच्याकडे दर हंगामाला एखादा व्यापारी बागेतला माल उचलतो, चेक देतो, आणि चेक वटत नाही तोवर फोन बंद करून बसतो. त्या बागायतदाराच्या खिशात त्या व्यापाऱ्याचं पॅन कार्ड असतं. त्या कार्डाने आजवर कुणाची वसुली झालेली मी पाहिली नाही. निफाडचे एक आण्णा माझे जुने पक्षकार. कायदा झाल्याचं कळल्यावर त्यांनी विचारलं, "साहेब, प्रांतांकडे आधीच इतकी कामं, ते आमच्या पेट्या मोजत बसणार का?" एवढं एक वाक्य समितीसमोर साक्षीत नोंदलं गेलं असतं तर मसुदा करणाऱ्या अधिकाऱ्याला ते कलम पुन्हा उघडावं लागलं असतं. बाजार समितीत काय काय चालतं हेही आण्णांनी सांगितलं असतं, त्यांना समितीचा पुळका मुळीच नाही. दोन्ही बाजू नोंदल्या गेल्या असत्या.

झालं काय? डिसेंबरच्या थंडीत नाशकातून शेतकऱ्यांचा जथा दिल्लीकडे निघाला, जानेवारीत नाशिक ते मुंबई मोर्चा गेला. 12 जानेवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्यांना स्थगिती दिली आणि तज्ज्ञांची समिती नेमली. संसदेने जी समिती आधी नेमायची ती न्यायालयाला नंतर नेमावी लागली. 29 नोव्हेंबर 2021 रोजी कायदे मागे घेण्याचं विधेयक आलं आणि तेही चर्चेविना मंजूर झालं. आणायला घाई, न्यायलाही घाई. ज्यांना हे कायदे हवे होते त्यांनी खरं तर सगळ्यात जास्त रागावायला हवं. समितीत तीन महिने घालवले असते तर त्यांतला काही भाग कदाचित आज कायद्यात असता.

याच काळात राज्यात एक वेगळा प्रयोग झाला. जुलै 2021 मध्ये केंद्राच्या कायद्यांना उत्तर म्हणून तीन विधेयकं विधानसभेत मांडली गेली आणि ती लगेच मंजूर न करता दोन महिने लोकांच्या सूचनांसाठी खुली ठेवली. मांडणाऱ्या मंत्र्यांत मालेगावचे दादा भुसे आणि येवल्याचे छगन भुजबळ असे आपल्याच जिल्ह्यातले दोघे होते. पुढे केंद्राने कायदेच मागे घेतल्यावर ती विधेयकंही मागे गेली. प्रयोग अर्ध्यावर राहिला, पण करता येतो एवढं दिसलं.

समितीमुळे फरक पडतो का? ताजं उदाहरण विशेष जनसुरक्षा विधेयकाचं. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरला ते संयुक्त समितीकडे गेलं, 12 हजारांहून अधिक सूचना आल्या, आणि जुलै 2025 मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. तो कायदा मला आजही पटत नाही. पण मूळ मसुदा आणि समितीतून आलेला मसुदा शेजारी ठेवून वाचले. 'व्यक्ती आणि संघटना' असा सैल शब्दप्रयोग होता, तो कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटनांपुरता आवळला गेला. तपास फौजदाराच्या हातात होता, तो उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. सल्लागार मंडळात निवृत्त न्यायाधीश आले. ज्याने एकदा तरी रात्री अकरा वाजता पोलीस ठाण्यात जामिनाची धडपड केली आहे, त्याला फौजदार आणि उपअधीक्षक यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. हे बदल समितीशिवाय झाले असते असं मला वाटत नाही.

आता उलट बाजू, आणि ती हलकी नाही. समिती म्हणजे थंडा बस्ता, असं जुने कार्यकर्ते म्हणतात. जादूटोणाविरोधी विधेयक 2005 मध्ये विधानसभेत मंजूर झालं, विधान परिषदेतून समितीकडे गेलं आणि वर्षानुवर्षं तिथेच कुजलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी खून झाला, त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला. जे काम समितीला इतक्या वर्षांत जमलं नाही ते सरकारला काही दिवसांत जमलं. हे आठवलं की समितीच्या बाजूने बोलताना जीभ अडखळते. पण मग दोष समितीचा की मुदत न घालता समितीकडे टाकून मोकळं होणाऱ्यांचा? महिला अत्याचारांविरुद्धच्या शक्ती विधेयकाचं बघा. 2020 च्या डिसेंबरात समितीकडे गेलं, वर्षभरात परत आलं आणि एकमताने मंजूर झालं. पुढे ते राष्ट्रपतींच्या मंजुरीसाठी दिल्लीत अडकलं आणि कायदा काही झालाच नाही. तिथला उशीर समितीच्या खात्यावर मांडता येणार नाही.

म्हणून मला हवं आहे ते एवढंच की चाकोरी उलटी व्हावी. विधेयक पुरःस्थापित झालं की ते आपोआप समितीकडे जावं. नको असेल तर सरकारने उभं राहून कारण सांगावं आणि त्यावर मत घ्यावं. आज समिती मागणाऱ्याला कारण सांगावं लागतं, उद्या टाळणाऱ्याला लागावं. अर्थसंकल्पाशी जोडलेली विनियोजन विधेयकं यातून सोडून द्या, एका कलमाची तांत्रिक दुरुस्तीही सोडा. केरळात 1980 पासून विषय समित्या आहेत आणि विधेयकं त्यांच्याकडे जातात, म्हणजे हे काही परदेशातलं खूळ नाही. तिथली एक गोष्ट मात्र घेऊ नये, समितीचा अध्यक्ष तिथेही मंत्रीच असतो. आपल्याकडेही तेच. जनसुरक्षेच्या समितीचे अध्यक्ष महसूलमंत्री होते, शक्तीच्या समितीचं अध्यक्षपद गृहमंत्र्यांकडे होतं. ज्याच्या सरकारचं विधेयक, त्यानेच ते तपासायचं. परीक्षार्थीच पर्यवेक्षक. संसदेने मंत्र्याला समितीबाहेर ठेवलं आहे, तेवढं शहाणपण मुंबईला परवडायला हरकत नाही. आणि मुदत हवी. पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी अहवाल आला नाही तर विधेयक आहे तसं सभागृहासमोर यावं, म्हणजे थंड्या बस्त्याची सोयच उरणार नाही.

आणखी एक, बैठका मुंबईबाहेर हव्यात. 6 मार्च 2018 रोजी आमच्या कोर्टापासून हाकेच्या अंतरावरच्या सीबीएस चौकातून आदिवासी शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणची माणसं. वनहक्काचा सात-बारा मागत सुमारे 180 किलोमीटर चालली. 12 मार्चला आझाद मैदानात पोहोचली, तीही शेवटचा टप्पा रात्री चालून, दहावीच्या मुलांच्या परीक्षेला अडथळा नको म्हणून. त्यांना विधान भवनाला घेराव घालायचा होता. माझ्या ओळखीच्या एका पेठच्या बाईने नंतर तिची चप्पल दाखवली होती, टाचेपाशी आरपार झिजलेली, सुतळीने बांधलेली. तिला विधानसभेला काय सांगायचं होतं हे ऐकायला विधानसभेची समिती पेठला गेली असती तर मुंबईहून जीपने पाच-सहा तास लागले असते. तिला सहा दिवस लागले.

यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. अनुच्छेद 208 ने विधिमंडळाला आपले नियम आपण करायचा अधिकार दिला आहे, आणि त्यासाठी नियम समिती बसलेली आहे. नाशिक जिल्ह्यात 15 आमदार आहेत. सत्तेतला आमदार आपल्याच सरकारचं विधेयक समितीकडे पाठवा म्हणणार नाही, हे मी वकिलीत केस पांढरे केलेला माणूस आहे, मला माहीत आहे. पण विरोधात असताना प्रत्येकजण हेच म्हणत आला आहे, आणि आपल्याकडे कोण कधी विरोधात जाईल याचा नेम उरलेला नाही. या पंधरांपैकी एकाने पुढच्या अधिवेशनात एखाद्या विधेयकावर संयुक्त समितीची सूचना दिली आणि ती पडली, तरी कार्यवृत्तात नाव राहतं. ते पान मी छापून घेईन आणि महापालिका कायद्याच्या त्या फुगलेल्या पानाशेजारी ठेवीन. चिकटवणार मात्र नाही, त्या पुस्तकात आता जागा नाही.